काय काय काढून टाकलं

६ नोव्हेंबर, गुरुवार

वही घेऊन बावीस दिवस झाले. शेगावच्या स्टँडवर घेतली, आणि पहिलं पान कोरं ठेवून रोज उशाशी घेऊन झोपलो. रोज म्हणायचं, उद्या लिहू. लिहायला बसलं की खरं लिहावं लागतं, म्हणून टाळत होतो. आज टाळता येईना. आज परत एक थाप मारली आणि ती ठेवायला कुठंतरी जागा पाहिजे.

सोनाळ्याला धम्मरत्न मामाकडं आहे. मामा विचारत नाही किती दिवस राहणार. मामीही विचारत नाही, पण भाकर वाढताना तिच्या बांगड्या विचारतात. मामाला गावभर सांगायला आवडतं — "भाचा पुन्याले कॉम्प्युटर कंपनीत होता." होतो का? गोदामात होतो! पार्सलवर लाल दिव्याची बंदूक धरायची, टिक वाजलं की पुढचं पार्सल. बंदुकीची तार कॉम्प्युटरला जोडलेली होती. एवढाच माझा आणि कॉम्प्युटरचा संबंध. त्याच्या आधी सुरतेत साड्यांच्या घड्या, त्याच्या आधी नाशिककडं द्राक्षं, त्याच्या आधी आयटीआयचं एक वर्ष. कुठूनच कोणी काढलं नाही. मीच निघालो, न सांगता.

तर आज विहारात गुलाबराव — समितीचे अध्यक्ष — म्हणाले, "अश्वजित, अभ्यासिकेतलं मशीन पाह्य ना बाप्पा. त्याच्यातलं ते ऑफिस लय तरास देऊन राह्यलं."

मी म्हणालो, "एका घंट्याचं काम आहे."

किती वेळ लागेल असं कोणी विचारलं होतं का? नाही!

७ नोव्हेंबर

अभ्यासिका म्हणजे विहाराच्या मागची टिनाची खोली. सहा टेबलं, एक माठ, भिंतीवर भरतीत लागलेल्या पोरापोरींची नावं. कोपऱ्यात मशीन, म्हणजे कॉम्प्युटर. कोण्या साहेबानं जुनं झालं म्हणून दिलेलं. त्यात दहा-बारा वर्षांपूर्वी कोणीतरी फुकटच्या सीडीवरून ऑफिस, म्हणजे टायपिंगचं सॉफ्टवेअर, टाकलं. आता उघडलं की वर लाल पट्टी येते, हे अधिकृत नाही म्हणून. मग दहा मिनिटं नुसतं चाक फिरतं. प्रिंट तर देतच नाही. हे मुळापासून काढायचं आणि दुसरं, फुकट पण रीतसर मिळणारं टाकायचं. एवढंच काम.

मयुरी तिथं रोज असते. भगवानराव ट्रॅक्टरवाल्यांची मुलगी. सात डिसेंबरला तिची भरतीची परीक्षा आहे. मला म्हणते, "पुन्याचे साहेब, खुर्ची पुसून देऊ का?" मी म्हटलं, देऊन दे. तर खरंच पुसली, आणि फडकं माझ्या हातात दिलं. "आता मशीन तुम्ही पुसा."

मागचं झाकण उघडलं. आत पालीची दोन अंडी! पांढरी, गोल, एकदम तुळतुळीत. ती काढून कुठं ठेवायची यातच दुपार गेली. शेवटी माठामागं कोनाड्यात ठेवली. मशीनला हातच लागला नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

यादीत ऑफिसचं नाव आहे. त्याच्यावर टिचकी मारून 'काढून टाका' म्हटलं. ते म्हणालं, मूळ सीडी घाला. सीडी दहा वर्षांपूर्वीची, कोण देणार! परत म्हटलं. परत तेच. काढायला बसलो तर काढण्यासाठी आधी तेच आणून द्या म्हणतं. हा काय हट्ट!

मग जानराव काका आले. त्यांच्याबद्दल लिहिलं पाहिजे. वय शहात्तर. बुलढाण्याच्या कोर्टात एकतीस वर्षं टायपिस्ट. आता डोळ्यांत काचबिंदू, समोरचा माणूस सावलीसारखा दिसतो म्हणतात. सहा वर्षांपासून ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब घेऊन राह्यले. हो, जबाबच! त्यांना दुसऱ्या रीतीनं लिहिता येत नाही. "प्रतिज्ञेवर सांगतो की, माझे नाव अमुक, वय अंदाजे इतके, धंदा शेतमजुरी." आणि मग त्या माणसाला जे सांगायचं ते. असे अडतीस जबाब आहेत. सांगणारे सव्वीस जण आता नाहीत. पहिले नऊ कागदावर निघाले होते, बाकी एकोणतीस फक्त या मशीनमध्ये. डोळे गेल्यापासून काका बोलतात आणि मयुरी टाइप करते. खामगावच्या एका प्रेसनं पुस्तक करायचं कबूल केलं, महिनाअखेर फाइली पाहिजेत म्हणे.

काका म्हणाले, "सांभाळून कर बरं. घाई नाही मले."

मी म्हणालो, "काका, बिनधास्त राहा."

९ नोव्हेंबर

काही केलं नाही. मामासोबत कपाशी पाहायला गेलो. डोंगरापर्यंत चालत गेलो, आलो.

१० नोव्हेंबर, सोमवार

आजचं सगळं क्रमानं लिहितो.

सकाळी मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. एक माणूस हिंदीत सांगतो — जिद्दी ऑफिस जड़ से साफ कैसे करें. त्याच्या मागं मागं गेलो. आधी ऑफिसचा अख्खा फोल्डर उडवला. तरी यादीत नाव तसंच, मेलेल्या माणसाचं मतदार यादीत राहतं तसं. मग तो म्हणाला मशीनच्या पोटातल्या नोंदीत शिरा, नाव शोधा, सापडेल ते काढा. शोधलं. काढलं. परत शोधलं. दोनशेच्या वर नोंदी काढल्या असतील! लाल पट्टी गेली. यादीतलं नाव गेलं. मला इतका जोर चढला की काय सांगू. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पूर्ण करून राह्यलो असं वाटलं.

व्हिडिओ तिथंच संपला होता. मी थांबलो नाही. अजून काय राहिलं असेल त्याचं? हुडकत गेलो. एका ठिकाणी साठ-सत्तर फाइली दिसल्या, अनोळखी नावांच्या, सगळ्या जुन्या तारखेच्या. म्हटलं हे पण त्याच सीडीतलं फालतू. निवडल्या, उडवल्या. कचऱ्याची पेटी पण रिकामी केली. मग माझ्या मोबाइलचं नेट देऊन नवीन ऑफिस टाकलं. झटकन उघडलं!

गुलाबरावांना बोलावलं. चहा आला. मयुरी म्हणाली, "काकांचा जबाब उघडून पाहू," आणि उघडला.

मराठीचं एक अक्षर नाही. इंग्रजी अक्षरं, मध्येच टक्के, डॉलर, कंस, उलटे स्वल्पविराम. पानंच्या पानं. दुसरा उघडला, तेच. एकोणतीसच्या एकोणतीस.

मयुरी म्हणाली, "फॉन्टचं काही झालं असन. टायपिंगच्या क्लासात एकडाव असं झालतं."

मी तिला बोलू दिलं नाही. "फॉन्टबिंट काही नाही. व्हायरस आहे."

गुलाबराव म्हणाले, "थो कुठून आला?"

"बाहेरचा पेनड्राइव्ह लागला की येतो."

आणि मी मशीनकडं पाहिलं. तिथं मयुरीचा पेनड्राइव्ह लटकत होता, लाल दोरीचा. मी तिचं नाव घेतलं नाही. नुसतं पाहिलं. मग गुलाबरावांनी पाहिलं. मग तिनं पाहिलं.

नाव घेतलं असतं तर तिला निदान भांडता आलं असतं.

११ नोव्हेंबर

गावात झालं. "भगवानच्या पोरीनं जानरावची मेहनत बुडवली." एका दिवसात!

मामा घरी म्हणतो, "अश्वजित होता म्हनून मशीन तरी वाचलं."

जेवण गेलं नाही. मामीनं ताट उचललं.

१२ नोव्हेंबर

ती आली नाही. तिची पुस्तकं कपाटात तशीच आहेत. वरच्या पुस्तकात खुणेला एसटीचं तिकीट.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हे लिहू की नको? लिहितो.

जानराव काकांना कोणी पूर्ण सांगितलंच नाही. त्यांना धक्का बसेल म्हणून गुलाबराव म्हणाले, काही फाइली खराब झाल्या. आणि मी परवा त्यांना म्हणालो होतो, "सगळ्या नाही काका, बऱ्याचशा नीट आहेत." म्हातारा माणूस शांत झोपावा म्हणून! असं मी स्वतःला सांगितलं होतं.

आज ते काठी टेकत अभ्यासिकेत आले. माझ्या बाजूला बसले. "पोट्टी काही येऊन नाही राह्यली. तू वाच. सतरा नंबर, तानाबाईचा. प्रेसले द्यायच्या आधी एकडाव ऐकतो."

तानाबाई मागच्या वर्षी वारल्या, पंच्याऐंशीच्या होत्या म्हणे. मी त्यांना पाहिलंही नाही.

सतरा नंबर उघडला. समोर टक्के आणि डॉलर. काका डोळे मिटून बसले. आणि मी — मी वाचायला लागलो! "प्रतिज्ञेवर सांगते की, माझे नाव तानाबाई, वय अंदाजे पंच्याऐंशी, धंदा शेतमजुरी." एवढं येत होतं मला, सगळ्यांचं सारखंच असतं. पुढं बनवलं. बहात्तरचा दुष्काळ घातला. घरात दाणा नव्हता. लेकरू रडत होतं, मी पण रडत होते, डोळ्यातलं पाणी आटलं, आभाळातलं पण आटलं. असं काहीबाही. माझा आवाज पण ओला केला मी.

काकांची बोटं टेबलावर होती. ते ऐकताना टाइप करतात, सवयच आहे. मी सुरू केलं तेव्हा बोटं चालत होती, टकटक. नाव, वय, धंद्यापर्यंत चालली. मग थांबली. मी वाचत राहिलो आणि बोटं तशीच थांबून राहिली. मला दिसत होतं ना! तरी मी शेवटपर्यंत वाचलं.

ते म्हणाले, "पानी दे."

दिलं. प्यायले. मग म्हणाले, "तानाबाई रडनारी बाई नव्हती."

उठले. दारात थांबले, पाठ माझ्याकडंच. "खामगावले प्रेसमधी सुलभाबाई आहे. फाइली तिच्याकडं ने. जशा आहेत तशा ने." मग मान न वळवता, "वाचू नको. फक्त ने."

१५ नोव्हेंबर

मयुरीला बुलढाण्याला आत्याकडं पाठवलं. आत्याचं ऑपरेशन झालं आहे, घरात तीन लहान लेकरं. स्वयंपाक, धुणं, लेकरं. पुस्तकं इथंच. परीक्षेला बावीस दिवस.

भगवानराव चौकात म्हणाले म्हणे, "जिथं आपल्या पोरीमुळं लोकाईचं नुसकान झालं, तिथं कोन्या तोंडानं बसवू तिले?"

१६ नोव्हेंबर, रविवार

वंदनेला गेलो. पांढरा शर्ट मामाचा. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, मुसावादा, खोटं बोलण्यापासून दूर राहीन, तिथं मला खोकला आला. खरा नाही, आणला. म्हणजे ते न म्हणायलाही मी खोटंच केलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

खामगावला जाताना पिशवीत कपडे पण घेतले होते. इथं तरी खरं लिहितो. मनात होतं की फाइली भरलेला माझा पेनड्राइव्ह प्रेसमध्ये ठेवायचा आणि स्टेशनवर जायचं. खामगावहून जलंबला जायला छोटी गाडी असते, जलंबला मोठी लाइन. मग सुरत. सुरतेत कोणाला तानाबाई माहीत नाही.

स्टँडवरून निघालो आणि वाटेत एका जिनिंगसमोर कापसाच्या गाड्या उभ्या. कापूस नळातून सुसाट वर ओढला जातो, आत पावसासारखा पडतो. मी तोंड उघडं ठेवून पाहत राहिलो. हमालांशी बोललो. एक म्हणाला, "काऊन बे, कापूस नाही पाह्यला का कधी?" त्याच्यासोबत चहा पिलो. तेवढ्यात गाडीची वेळ निघून गेली! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या या रेंगाळायच्या सवयीनं कोणाचं भलं केलं.

मग प्रेसमध्ये गेलो. सुलभाबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, समोर लग्नपत्रिकांचा ढीग. पेनड्राइव्ह लावला, सतरा नंबर उघडला. तेच टक्के-डॉलर. मी म्हणालो, "व्हायरस आहे."

त्यांनी चष्मा खाली घेतला. "कोण म्हणालं व्हायरस?"

"मी."

"तू डॉक्टर आहेस वाटतं! अरे, जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलंय हे. फॉन्ट नसला की असंच दिसणार. आत सगळं जागेवर आहे. तुमच्या मशीनवरचा फॉन्ट कोणी उडवला?"

मी लग्नपत्रिकांचा ढीग सरळ करायला लागलो. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि परत विचारलं नाही. त्यांच्याकडच्या यादीतून एक फॉन्ट निवडला. एका क्षणात सगळं पान मराठी झालं!

साठ-सत्तर फालतू फाइली. ते फॉन्ट होते. मयुरी पहिल्याच मिनिटाला म्हणाली होती.

मी तिथंच उभ्यानं सतरा नंबर वाचला. उतरवून घेतो, कारण हे मला पाठ झालं पाहिजे:

"प्रतिज्ञेवर सांगते की, माझे नाव तानाबाई, वय अंदाजे पंच्याऐंशी, धंदा शेतमजुरी. बहात्तर साली मी तलावाच्या कामावर होते. मुकादम हजेरी घेताना बाकीच्यांची नावे घेई. मला 'ए' म्हणे. एक दिवस मी ओ दिली नाही. तो तीनदा ए म्हणाला. माझी हजेरी लागली नाही, रोज बुडाला. दुसऱ्या दिवशी परत ओ दिली नाही. तिसऱ्या दिवशी त्याने तानाबाई म्हटले. मी हजर म्हटले. यापेक्षा जास्त मला सांगायचे नाही."

बस! एवढाच जबाब. आणि मी तिला रडवली होती.

सुलभाबाईंनी फॉन्ट माझ्या पेनड्राइव्हवर घालून दिला. "पुस्तकासाठी फाइली मी ठेवून घेतल्या. हा तुमच्या मशीनवर टाक. आणि जे ओळखीचं नाही ते उडवत जाऊ नकोस बाळा."

परतीची गाडी पकडली. पिशवी मांडीवर घेऊन बसलो.

१८ नोव्हेंबर

फॉन्ट टाकला. एकोणतीसच्या एकोणतीस आले. गुलाबरावांनी बाहेर जाऊन आरोळी दिली, "व्हायरस काढला पोरानं!"

मी फक्त "झालं" म्हणालो होतो.

हे "फक्त" लिहायची मला फार सवय आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

सत्कार झाला. माझा! वंदना झाल्यावर पुष्पगुच्छ आणि एक पुस्तक. गुलाबराव बोलले, की शिकलेली पोरं गावाकडं फिरकत नाहीत, हा आला, यानं गावाचा ठेवा वाचवला. टाळ्या. मामाचे डोळे भरले. मी बोलायला उभा राहिलो. आता सांगतो, आता सांगतो. आणि म्हणालो, "सर्वांचे आभार."

एवढं तरी पचलं असतं. नंतर बाहेर चपला घालताना भगवानराव आले. मोठा माणूस, मामाच्या वयाचा, हाताला ग्रीसचा वास. माझ्यासमोर हात जोडले.

"आमच्या पोरीनं बिघडवलं, तुम्ही नीट केलं. उपकार झाले."

तुम्ही म्हणाले मला. चोवीस वर्षांच्या पोट्ट्याला.

मी पण हात जोडले.

२४ नोव्हेंबर

जानराव काकांकडं गेलो. ओसरीवर एकटेच होते. उभ्यानंच सगळं सांगितलं. फॉन्ट मी उडवला, व्हायरस नव्हता, पोरीचा काही संबंध नाही, आणि तानाबाईचं मी मनचं वाचलं.

"मालूम आहे," काका म्हणाले. "कोर्टात एकतीस वर्षं बनवलेले जबाब ऐकले. बनवलेल्या जबाबात लय पानी असते."

"मंग तुम्ही काऊन नाही सांगतलं कोनाले?"

"तुह्या तोंडून येईन म्हनून थांबलो. दोन दिवस थांबू म्हन्लं. तू लय वेळ लावला बे." मग काठी मांडीवर आडवी ठेवली. "त्यात पोरीचे दिवस गेले. थे माही बी चूक आहे. म्हातारपनी मानूस उगाच न्यायाधीश होते."

मी म्हणालो, "मंग आता तुम्हीच सांगून द्या ना काका भगवानरावले."

"मी काऊन सांगू? मी होतो का मशीनवर?"

२५ नोव्हेंबर

भगवानरावांच्या घरी गेलो. ठरवून गेलो, वाक्य पाठ करून. दारातून आत पाय टाकला की बोलायचं.

त्यांनी खाट टाकली. मयुरीच्या आईनं चहा ठेवला. वर पंखा हळूहळू, घरघर फिरत होता. मी म्हणालो, "कंडेन्सर गेला असन." आयटीआयचं तेवढं एक आठवतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला, बसवला. पंखा भन्नाट! मयुरीची आई म्हणाली, "देवमानूस आहे पोरगा." भगवानराव म्हणाले, "मयुरी असती तर खुश झाली असती, तिच्याच खोलीतला पंखा हा."

चहा पिऊन आलो.

काय करू मी या स्वतःचं?

२६ नोव्हेंबर

आज नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी अभ्यासिकेत कोणी नव्हतं. मशीन सुरू केलं. काकांच्या फोल्डरमध्ये एकोणचाळिसावी, नवी फाइल उघडली. त्याच जुन्या फॉन्टात टाइप करायचं ठरवलं. अक्षरं कुठं कुठं आहेत ते सापडत नव्हतं, एक एक हुडकून मारलं. सात ओळींना दीड तास लागला. मयुरी हे पाण्यासारखं करायची.

"प्रतिज्ञेवर सांगतो की, माझे नाव अश्वजित, वय चोवीस, धंदा काही नाही. मी पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत नव्हतो, गोदामात होतो. दिनांक दहा नोव्हेंबर रोजी अभ्यासिकेतील मशीनमधून ऑफिस काढताना मराठी फॉन्ट मी उडवले. व्हायरस नव्हता. मयुरी भगवानराव हिच्या पेनड्राइव्हचा काही संबंध नाही. फॉन्टचे आहे असे ती तेव्हाच म्हणाली होती, मी तिला गप्प केले. सत्कार चुकून झाला. पुस्तक कपाटात ठेवले आहे."

प्रिंट काढली. पहिल्या झटक्यात निघाली! विहाराच्या फळ्यावर, वंदनेच्या सूचनेशेजारी लावली. आणि कोणी यायच्या आत पळालो.

पिशवी भरली आहे. मामाला लिहून ठेवतो. उद्या बुलढाण्याहून येणारी गाडी इथून वळून परत जाते, अकराच्या सुमारास. शेगावला उतरायचं, पुढं रेल्वे. लोकांनी कागद वाचलेला असेल, पण त्यांची तोंडं मला पाहावी लागणार नाहीत. सांगितलं तर आहे ना! सांगणं महत्त्वाचं.

तसं नाही हे, मला माहीत आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

स्टँडवर आहे. गाडी यायची आहे. वही मांडीवर.

दहा मिनिटांपूर्वी भगवानराव आले. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. मला वाटलं आता कानाखाली बसते. बसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. माझाच, फळ्यावरचा, कोपऱ्यांना टाचणीची भोकं.

"याच्यावर सही नाही तुही."

"घाईत राह्यली."

"मंग कर."

पेन त्यांचाच. गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. त्यांनी ती नीट पाहिली, घडी घातली, खिशात ठेवली. आता जातील असं वाटलं. गेले नाहीत. मी विचारलं, कुठं जाऊन राह्यले? म्हणाले, "कुठी नाही." आणि रस्त्याकडं पाहत बसले.

गाडी आली. मी पिशवी उचलली, वही हातातच. दार उघडलं आणि पहिल्यांदा जी उतरली ती मयुरी. खांद्याला बॅग. बापाला म्हणाली, "अर्ध्या रात्री कोनी फोन करते का बाबा," आणि मग तिला मी दिसलो.

ती इकडंच येऊन राह्यली.